परसातलं झाड आणि जातीचा रकाना

झाडाची जात माहीत नाही म्हणून विचारायला जावं, तर अर्जातला ‘जातीचे नाव’ हा रकाना भरल्याशिवाय अर्जच घेत नाहीत! वर्ष होत आलं, तरी आठवलं की डोकं तापतं.

वरूडजवळच्या आमच्या घरामागे मामंजींनी संत्र्याची कलम म्हणून लावलेलं झाड आहे. फळ नारिंगी, साल सुटी, हाताने सोललं जातं. पण फोड तोंडात टाकली की लिंबासारखी आंबट. रोपवाल्याने फसवलं, असं मामंजी शेवटपर्यंत म्हणत. ते गेल्यावर मला याचा छडा लावायचाच होता.

तालुक्याच्या एका कार्यालयात पहिल्या खेपेला साहेब नव्हते. दुसऱ्या खेपेला अर्ज मिळाला आणि तो रकाना आडवा आला. खिडकीवरचे म्हणाले, “संत्रा लिहून टाका.” मी म्हटलं, “तेच तर विचारायला आले, खोटं कसं लिहू?” घरून ‘अनोळखी’ लिहून नेलं, तर अर्ज परत. कापूस वेचणीचे दिवस. प्रत्येक खेपेला मजूर सोडून एसटीची वाट पाहायची. चौथ्यांदा अर्ज घेतला एकदाचा, पण दुसऱ्या खेपेला ठेवलेली फळं कपाटात बुरशी येऊन पडली होती. वर विचारणा, “पानांसकट फांदी कुठे आहे?” हे आधी एका शब्दाने सांगितलं असतं तर! बसमध्ये मला रडू आलं.

म्हणून सांगते, नुसती फळं नेऊ नका. काट्यापानांची डहाळी घ्या, फळं कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. आणि बुडाचा फोटो काढाच.

कारण उत्तर बुडातच होतं. गल्लीतले एक बाबाजी जन्मभर कलमा बांधत आले. म्हणाले, “फळ काहून दाखवतं वं सूनबाई? बुड दाखव.” माती सारली. जमिनीपासून साधारण 9 इंचांवर, जिथे डोळा भरतात, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या रोपावर संत्र्याचा अंकुर बसवतात तिथे, वाळलेलं खोड होतं. त्याच्या खालून फुटलेला फुटवाच आजचं झाड झालेला. संत्र्याचा डोळा कधीच मेला होता, वाढला तो खुंट, म्हणजे ज्याच्यावर डोळा बसवतात ते खालचं मुळाचं रोप. आपल्याकडे खुंट जंभेरीचा नाही तर रंगपूर लिंबाचा असतो. जंभेरी पिवळी, खडबडीत सालीची. आमचं फळ नारिंगी, म्हणजे रंगपूर लिंबू.

हो, कळ्यांचं राहिलं. रंगपूरच्या कळीवर जांभळट झाक असते, नागपुरी संत्र्याची पांढरी. बहारात ते पाहिलं असतं तर चार खेपा वाचल्या असत्या. कलमेच्या डोळ्याखालचे फुटवे दिसतील तसे खुडत जा.

म्हणजे रोपवाल्याने मामंजींना फसवलं नव्हतं. सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्या बराच वेळ झाडाला हात लावून उभ्या होत्या.

बाबाजींनी खुंटाच्या बियांसाठी पिशवीभर फळं नेली. फांद्या छाटून नवे फुटवे आले की संत्र्याचे डोळे भरून देतो म्हणाले. मी दोन फांद्या तशाच ठेवायला सांगितल्या. लोणचं फार छान झालंय.