उभं राहून मिक्स करणाऱ्या डीजेने मॉनिटर स्पीकर कुठं ठेवायचे

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घरात मागच्या बाजूला दहा फूट बाय साडेआठ फुटाची एक खोली आहे. आधी तिथं माग होता, तो विकल्यावर खोली रिकामीच पडून होती, मग मी घरात मागून घेतली आणि डीजेचा कंट्रोलर (गाणी एकमेकांत मिसळायचं यंत्र) तिथं मांडला. पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ आहे माझा. सुरुवातीला लॅपटॉपवरून ब्लूटूथ स्पीकरवर वाजवायचो आणि महिनाभर बीट काही जुळेना, मला वाटायचं आपला कानच कच्चा. नंतर कळलं की ब्लूटूथमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो, १२८ बीपीएमचा (मिनिटाला १२८ ठोके) एक ठोका साधारण ४६९ मिलिसेकंदांचा, म्हणजे हेडफोनमध्ये आत्ताचं आणि स्पीकरवर पाव ठोक्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त मागचं. अशात कुणाचंच जुळणार नाही. कुणी नवीन शिकत असेल तर कृपा करून वायरने जोडा.

मग पैसे साठवून जेबीएलचे ३०५पी मार्क टू मॉनिटर स्पीकर घेतले, पाच इंची. आणले आणि टेबलावर भिंतीला चिकटवून ठेवले, सगळे ठेवतात तसेच. मी खोलीच्या बरोबर मधोमध उभा राहून वाजवायचो. किक (ड्रमचा खालचा धप्प ठोका) ऐकूच यायची नाही नीट, म्हणून लो-चा म्हणजे बेसचा नॉब वर वर नेत राहिलो, आणि दोन गाण्यांत बेस बदलायचा अंदाजही त्याच आवाजावर बसवला. मग चुलत भावाच्या हळदीला डॉल्बीवर वाजवायची संधी मिळाली आणि पहिल्याच बदलाला बेस असा घोंगावला की बाकीचं गाणंच गायब, नाचणारी पोरं थांबून बघायला लागली. त्या रात्री झोप आली नाही मला. महिनाभर रोज तीन तास प्रॅक्टिस केलेली होती हो.

चूक खोलीत होती. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, त्याच्या दुपटीने भागलं की येतात ५६ हर्ट्झ, म्हणजे किकचं पोट असतं बरोबर तिथं. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ही लहर उभी राहते, भिंतीपाशी ती फुगते आणि मधोमध जवळपास शून्य होते, आणि मी नेमका मधोमध! दोन पावलं मागं जाऊन भिंतीला पाठ लावली तर तीच किक छातीत वाजायची. स्पीकर बदलून यात काही फरक पडत नाही, कितीही भारी आणा, खोली तीच आणि खड्डा तोच.

आता मी उभा राहतो ते समोरच्या भिंतीपासून ३.८ फुटांवर. लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसायचं असा स्टुडिओवाल्यांचा एक अंदाज आहे, तो सगळ्या खोल्यांना लागू पडतोच असं नाही, पण माझ्या खोलीत तिथंच बेस सगळ्यात सरळ ऐकू आला. दोन स्पीकरमध्ये तीन फूट आणि प्रत्येक स्पीकरपासून माझ्या डोक्यापर्यंतही तीन फूट, असा त्रिकोण. या स्पीकरचं पोर्ट (बेसची हवा बाहेर पडायचं भोक) मागं असतं त्यामुळे भिंतीपासून चार इंच सोडलेत, तरी भिंत जवळ असल्याने बेस फुगतोच, म्हणून मागचं बेस कमी करायचं बाउंड्री ईक्यूचं बटण मायनस दीडवर ठेवलंय.

पण खरा मुद्दा उंचीचा आहे आणि त्याच्यासाठीच हे लिहायला बसलो. ट्वीटर (स्पीकरमधला वरचा, बारीक आवाज काढणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला पाहिजे हे सगळीकडे सांगतात, पण सांगणारा माणूस खुर्चीत बसून गाणी बनवणारा असतो. आपण डीजेवाले उभे असतो! टेबलावर ठेवलेला स्पीकर माझ्या पोटावर वाजत होता, हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) मला अर्ध्याच ऐकू येत होत्या आणि म्हणून मी हाय पण वाढवत होतो. माझा कान जमिनीपासून पाच फूट दोन इंचावर येतो आणि या स्पीकरचा ट्वीटर बुडापासून आठेक इंच वर आहे, म्हणजे स्टँड साडेचार फुटाचा पाहिजे. बाजारात मिळणारे बहुतेक बसणाऱ्यांच्या मापाचे.

उद्यमबागमध्ये फाउंड्रीत कामाला असलेल्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, 'किती फूट पाहिजे तेवढं सांग, रविवारी वेल्डिंग करून टाकूया की.' चौकोनी पाइप, खाली रुंद जाड प्लेट (एवढ्या उंचीला प्लेट जड नसली तर धक्क्याने स्पीकर खाली येणार), आणि पाइपच्या पोकळीत त्याने फाउंड्रीतली वाळू भरून दिली. रिकाम्या पाइपवर टिचकी मारली की घंटेसारखा वाजायचा, वाळू भरल्यावर नुसतं ठक्. वर स्पीकरच्या खाली रबराचे तुकडे. दोन्ही स्टँड रिक्षातून आणले तेव्हा आई म्हणाली, 'काय करुलालास रे, मांडव घालणार काय घरात?' पण स्पीकर चढवून गाणं लावलं तेव्हा तीच दारात उभी राहून पूर्ण ऐकून गेली.

वायरचं थोडक्यात. एफएलएक्स४ला मास्टर आउट (स्पीकरकडं जाणारा आवाज) आरसीए आणि स्पीकरला एक्सएलआर आणि पाव इंची जॅक, ही प्लगची वेगवेगळी तोंडं, म्हणून आरसीए ते पाव इंचीची केबल लागते. स्पीकरच्या मागचा इनपुटचा स्विच मायनस दहावर ठेवायचा, प्लस चारवर आवाज बारीक येतो. ही केबल बॅलन्स्ड (बाहेरची खरखर रद्द करणारी) नसते त्यामुळे लांब घेऊ नका. माझ्याकडे सुरुवातीला घूंऽऽ असा आवाज यायचा, स्पीकर एका बोर्डावर आणि लॅपटॉप दुसऱ्यावर होता, सगळं एकाच एक्स्टेन्शनवर घेतलं तर गेला. अर्थिंगची पिन काढून आवाज घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जीवाचा प्रश्न आहे.

भिंतींना फोम लावला नाही, इंचभर फोम फक्त वरचा आवाज खातो. घरात कापसाच्या जुन्या जाड गाद्या होत्या त्या लावतोय. जागा ठरवायला बहिणीने आरसा भिंतीवरून सरकवत नेला, मी माझ्या जागेवर उभा राहून बघत होतो, ज्या जागी आरशात स्पीकर दिसला तिथं गादी. भिंतीपासून तीन इंच सोडून टांगायची, कारण बेळगावचा पाऊस, भिंत ओल धरते आणि कापूस कुजतो. शिवाय मागं हवा राहिली की जरा खालचे स्वरही शोषले जातात.

रात्री दहानंतर फक्त हेडफोन. शेजारच्या काकू पहाटे उठतात, आणि वस्तीत रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे ती आपल्यालाही आहे.

परवा हळदीचाच तो सेट परत वाजवून बघितला. लो-चा नॉब आता बारावरच (घड्याळातल्या बाराच्या जागी, म्हणजे मधोमध) राहतो, हात तिकडं जातच नाही. उजव्या बाजूची गादी लागली, डावीची राहिलीय, आईने खिळे आणून ठेवलेत.