आधी औषध, मग श्वास

आईचा आजार आता बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी एकच ठरवलं होतं: तिला दुखू द्यायचं नाही. तरीही पुढचा आठवडाभर तिला दुखत राहिलं, आणि ते माझ्यामुळे. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांनी मॉर्फिन हे जोरदार वेदनाशामक लिहून दिलं होतं. सवय लागेल, गुंगी येईल, ती लवकर जाईल या भीतीने मी ते द्यायला टाळाटाळ करत होते. मी स्वतः कित्येक वर्षं ध्यान करते, त्यामुळे उशाशी बसून तिला सांगायचे, "आई, श्वासाकडे लक्ष दे." एका रात्री ती दात आवळून म्हणाली, "अगं, आधी दुखणं तरी कमी कर. मग बघते श्वासाकडे."

सकाळी घरी येणाऱ्या नर्सताईंना सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. वेदनेच्या मानाने नीट मोजून दिलेल्या मॉर्फिनने मरण ओढवत नाही, म्हणाल्या. डोस घड्याळाप्रमाणे द्यायचा, दुखू लागायची वाट बघायची नाही. सुरुवातीची गुंगी बहुधा काही दिवसांत उतरते. बद्धकोष्ठ मात्र होतंच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत.

सिसिली साँडर्स यांचं नाव मी त्यांच्याकडूनच ऐकलं. आधी नर्स, मग सोशल वर्कर आणि शेवटी डॉक्टर झालेल्या या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. शरीराचं, मनाचं, नात्यांचं, श्रद्धेचं दुखणं वेगवेगळं काढता येत नाही, याला त्यांनी 'टोटल पेन' म्हटलं. मला ते पटलं मामामुळे. आईचा आणि त्याचा कित्येक वर्षं अबोला होता. दुखणं आटोक्यात आल्यावर आईनेच फोन लावायला सांगितला. दोघं फार बोलली नाहीत, रडलीच जास्त. त्या रात्री तिने जादाचा डोस मागितला नाही.

श्वासाचं तिनेच पुन्हा काढलं. आकडे मोजायला सांगितले की तिला धाप लागायची, म्हणून मोजणं सोडलं. ती श्वास सोडायला लागली की मी तिच्या कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत सावकाश हात फिरवायचे. श्वास घेताना हात थांबवायचे. चार-पाच वेळा झालं की खांदे खाली यायचे, कपाळावरची आठी जायची. धाप वाढली तर छोटा पंखा नाका-गालाच्या दिशेने धरायचे. एवढ्याशा वाऱ्याने तिला किती बरं वाटायचं!

शेवटी तिने खाणं सोडलं. मी चमचा घेऊन मागे लागले, तेव्हा नर्सताईंनी माझा हात धरला. शरीरालाच आता नकोय, बळजबरीने ठसका लागेल. मग ओल्या स्पंजने तोंड पुसायचं, ओठांना मलम लावायचं, एवढंच. श्वास मध्येच थांबेल, घशात घरघर होईल, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. घरघर सुरू झाल्यावर तिला कुशीवर वळवलं. कदाचित ऐकू येत असेल, म्हणून बोलत राहिले.

त्या पहाटेही माझा हात चालू होता. तिच्या बोटांच्या टोकांशी येऊन थांबला. बराच वेळ मी तो तसाच ठेवला.