गच्चीसाठी बाकवाली कुंडी करून घेतली, त्याची गोष्ट

पुण्यात आमच्या फ्लॅटला गच्ची आहे. झाडं हवी होती आणि चार माणसांना टेकायला जागाही. कुंड्या वेगळ्या, बाक वेगळे ठेवले की गच्ची अडते. म्हणून एल आकाराची लांब कुंडी आणि तिलाच जोडलेला बाक, असं करून घ्यायचं ठरलं.

सगळे आधी रंग आणि लाकूड निवडतात. आम्ही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठला, आणि खरं डिझाइन त्यानेच केलं म्हणा ना. ओली माती घनमीटरला १६०० ते १८०० किलो भरते. दीड फूट माती म्हणजे चौरस मीटरला सव्वासातशे किलोच्या पुढे. आणि वावरायच्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात लाइव्ह लोड, म्हणजे माणसं-सामानाचा वरून येणारा भार, धरलाय चौरस मीटरला साधारण १५० किलो! त्याने खडूने बीमच्या रेषा आखल्या : कुंडी कडेने, बीमवरच, मधल्या स्लॅबवर काही नाही. बाकाखाली पोकळ. माती फूटभरच, तीही कोकोपीट आणि कंपोस्ट मिसळून. चिकू-आंब्याचा विषय तिथेच मिटला. मोगरा, गवती चहा, पुदिना उरले.

फेरोसिमेंट (जाळीवर थापलेलं सिमेंट) जड, एफआरपीला (फायबरचं प्लास्टिक) एका नगासाठी साचा परवडेना. मग बॉक्स पाईपची फ्रेम आणि जीआय शीट, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा. फॅब्रिकेटर अनुभवी होता. म्हणाला, "ताई, एवढी पेटी तुमच्या जिन्यात वळायची नाही." नुसती मापाची फ्रेम टॅक मारून (ठिपक्याठिपक्यांनी तात्पुरती वेल्ड करून) त्याने जिन्यातून वर नेऊन पाहिली. दुसऱ्या वळणावर अडकलीच. म्हणून तीन तुकडे, वर आणून बोल्टने जोडायचे. वेल्डिंगच्या जागी जीआयचा जस्ताचा थर जळतो, तिथे पांढरी पूड दिसते. ती घासून झिंक प्रायमर मारल्याशिवाय त्याने पेटी पावडर कोटिंगला सोडली नाही. पहिला गंज तिथूनच धरतो.

बाकाची उंची १८ इंच, खोली १७. पट्ट्या सागवानी, मध्ये बोटाएवढी फट, स्क्रू स्टेनलेसचे आणि खालून. वरून मारले की उन्हात चटका बसतो, साड्या अडकतात. पाठीलाही लाकूडच, कारण एप्रिलात पत्र्याला टेकून दाखवा!

वॉटरप्रूफिंगला एकही भोक पाडायचं नाही, ही माझी अट. पेटी चार इंच पायांवर, खालून झाडू फिरतो आणि पाणी कुठून येतंय ते दिसतं. तळाला भोकं, वर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), मग माती. कुंडी ठेवण्याआधी गच्चीत पाणी तुंबवून दोन दिवस ठेवलं; खालच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल नाही हे त्यांच्याच देखत पाहिलं. सोसायटीची एनओसी त्यानंतर भराभर मिळाली.

खर्च बाजारातल्या कुंड्यांच्या कितीतरी वर गेला, आणि सागाला दरवर्षी पावसाआधी तेल द्यावं लागतं. ते काम मुलांकडे दिलंय.