तुम्ही विचारलंत म्हणून: चित्र न येणाऱ्या शिक्षकाने वर्गात कला कशी आणायची?

प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणात चहाच्या सुट्टीत हा प्रश्न हमखास येतो. "मला साधा आंबा धड काढता येत नाही, मी मुलांना कला काय शिकवणार?" उत्तर आधीच सांगून टाकतो. आंबा नाही आला तरी चालेल. माती किती भिजवायची, चाळीस मुलांना ती गोंधळ न होता कशी वाटायची आणि मुलाचे हात चालू असताना त्याला काय विचारायचं, एवढं यायला हवं. दोन दिवसांत ते जमतं.

प्रश्नामागची धास्ती मात्र खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, आहे तो सहावी ते आठवीला, तोही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला नाही. म्हणजे द्विशिक्षकी शाळेत भाषा, गणित, परिसर, खिचडीचा हिशोब आणि कला, सगळं त्याच दोघांच्या गळ्यात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला-समेकित शिक्षण, म्हणजे इतर विषय कलेतून शिकवणं, हा शब्द आला. तो शाळेत पोचेपर्यंत त्याची झेरॉक्स होते. मोराची छापील बाह्यरेषा, आत रंग भरा. वारली म्हटलं की दोन त्रिकोणांच्या माणसांची तीच कॉपी चाळीस मुलांना. त्या तासाला मुलं शांत बसतात हे खरं. पण मोर कुणीच पाहिलेला नसतो.

म्हणून प्रशिक्षणाच्या पहिल्या सत्रात आम्ही पेन्सिल आणि खोडरबर बाजूला ठेवायला सांगतो. प्रत्येकाच्या हातात झाडाचं एक पान आणि एक तेलखडू, समोर कागद. नजर पानावरून हलवायची नाही, कागदाकडे पाहायचं नाही, खडू उचलायचा नाही. डोळा पानाच्या कडेवरून जितका हळू सरकेल तितकाच हात सरकवायचा. वेळ तीन मिनिटं. सगळ्यांचंच चित्र वेडंवाकडं येतं, चित्रकलेची ग्रेड परीक्षा दिलेल्यांचंही. हॉलमध्ये हशा पिकतो आणि आंब्याची भीती तिथेच निम्मी होते. लगेच विचारायचं, "तीन मिनिटांपूर्वी न दिसलेलं काय दिसलं?" किडीने खाल्लेलं भोक, एका बाजूला जास्त दाते, देठाशी बदललेला रंग. ही उत्तरं फळ्यावर लिहिली की भाषेच्या तासाचं वर्णन तयार.

त्याच पानाचा ठसा घेतला की परिसर अभ्यास सुरू होतो. पान उपडं ठेवायचं, म्हणजे शिरांची बाजू वर. त्यावर पातळ कागद, आणि खडूचं वेष्टन काढून तो आडवा धरून हलक्या हाताने घासायचा. जास्वंद, पिंपळ यांची जाळी उमटते, बांबूच्या समांतर रेघा. फसतं ते तीन कारणांनी: कागद जाड असतो, खडू टोकाने दाबला जातो, किंवा पान फार कोवळं असतं आणि कागद ओला होतो. वाळलेलं पान चुरतं. सकाळी तोडून दुपारपर्यंत वहीत दाबलेलं पान सगळ्यात चांगलं.

मातीला आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण शिक्षक तिलाच सगळ्यात जास्त टाळतात. चाळीस मुलांना प्रत्येकी मोठ्या लिंबाएवढा, दीडशे ग्रॅमच्या आसपासचा गोळा धरला तर सहा किलो मळलेली माती पुरते. गावात कुंभार असेल तर त्याच्याकडूनच आणा. नसेल तर ओढ्याकाठची चिकट माती वाळवून, फोडून, चाळून आदल्या रात्री भिजवा. सकाळी वरचं पाणी ओतून टाका आणि फडक्यावर पसरून जादा ओल जाऊ द्या. परीक्षा सोपी आहे: करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळायची. तडे गेले तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा, बोटाला चिकटली तर थोडी कोरडी माती मिसळा. वस्तू वाळताना तडकतात, कारण माती बाहेरून लवकर वाळते आणि आतून ओलीच राहते. त्यामुळे उन्हात ठेवू नका, सावलीत ओलसर फडक्याखाली ठेवा. बैलाची शिंगं गळून पडतात, कारण मुलं ती नुसती दाबून चिकटवतात. दोन्हीकडे काडीने ओरखडे काढून मध्ये पातळ चिखल लावला की शिंग टिकतं. (बैल शिक्षकाने करून दाखवायचा नाही. दाखवलात, तर चाळीस बैल तुमचेच होतील.)

आता गणित. पहिली-दुसरीच्या मुलांना दोन सारखे गोळे द्या, त्यांतल्या एकाची लांब सुरळी करायला लावा आणि विचारा, माती कशात जास्त? बरीच मुलं सुरळी म्हणतील. लगेच चूक म्हणू नका. सुरळीचा पुन्हा गोळा करायला सांगा, पुन्हा विचारा आणि थांबा. हे थांबणं शिक्षकांना मळण्यापेक्षा अवघड जातं.

तालाचं एक उदाहरण देतो, कारण त्यात एक बारीक खोच आहे. चौथी-पाचवीला सामाईक पट समजवायचा असेल तर दोन गट करा. एक गट दर दोन मात्रांना टाळी देतो, दुसरा दर तिनांना, आणि मोठ्याने मोजायचं सगळ्यांनी मिळून. टाळी गटाच्या शेवटच्या मात्रेवर हवी: पहिल्यांची २, ४, ६ वर, दुसऱ्यांची ३, ६ वर, एकत्र टाळी सहावर. गाण्याची सवय असलेले शिक्षक टाळी समेसारखी पहिल्या मात्रेवर घ्यायला लावतात. मग टाळ्या १, ७, १३ वर जुळतात आणि मुलं सात हा दोन आणि तीनचा सामाईक पट म्हणून लिहितात. गाणं बरोबर, गणित चुकीचं. लय मिनिटाला साठच्या आसपास ठेवा. मुलं उत्साहात पळायला लागतात. एका मुलाला जागच्या जागी पावलं टाकायला लावून लय त्याच्याकडे सोपवली की आवरतात.

नाटक म्हणजे तिघांनी संवाद पाठ करायचे आणि बाकीच्यांनी बघायचे, ही सवयही मोडावी लागते. पाच-पाच जणांचे गट करून पाठातला एक क्षण स्तब्ध उभा करायला सांगा, समजा टँकर आल्यावरची रांग. तुम्ही खांद्याला हात लावाल तो बोलेल: तू कोण, तुला काय दिसतंय. वेशभूषा नाही, पाठांतर नाही, आणि वर्गातलं प्रत्येक मूल त्यात असतं.

चाळीस मिनिटांच्या तासात काम वीस मिनिटांचंच धरा. पाच वाटपाला, सात-आठ एकमेकांची कामं बघायला, उरलेली आवरायला. नवखे शिक्षक आवराआवर विसरतात, पुढचा तास चिखलाच्या हातांनी सुरू होतो आणि मुख्याध्यापक म्हणतात, पुन्हा नको. नळावर झुंबड होऊ देऊ नका. वर्गाच्या दाराशी दोन बादल्या: पहिलीत माती सोडवायची, दुसरीत हात धुवायचे.

नोंदवहीत "सुंदर चित्र काढतो" लिहून काही कळत नाही. "जास्वंदीच्या पानाची मुख्य शीर आणि उपशिरा पाहून दाखवल्या" अशी नोंद आकारिक मूल्यमापनात, म्हणजे मूल शिकत असतानाच्या मूल्यमापनात, खरी उपयोगाची. ती चित्र फसलेल्या मुलाबद्दलही करता येते.

सलग तीन दिवसांचं प्रशिक्षण आमच्या मते वाया जातं. दोन दिवस घ्या, मध्ये तीन आठवडे वर्गात करू द्या, तिसरा दिवस मग. त्या दिवशी प्रत्येकाने मुलांची पाच कामं आणायची, त्यांत किमान दोन फसलेली. चर्चा त्या दोनांवरच होते. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत हे सहज बसतं. व्हॉट्सॲप गटावर रोज फोटो मागू नका. फोटोसाठी शिक्षक मुलांची चित्रं स्वतः पुरी करतात आणि ते एका नजरेत ओळखू येतं.

साहित्याचं विचाराल तर जुनी वर्तमानपत्रं, तेलखडू, गेरू, माती आणि चिकटवायला खळ एवढ्यावर वर्ष निघतं. खळीला एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग चार वाट्या उकळत्या पाण्यात धार धरून ओता आणि चकाकी येईपर्यंत ढवळा. कोरडा मैदा थेट गरम पाण्यात टाकलात तर गुठळ्या सुटत नाहीत. दोन दिवसांत ती आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. टिकावी म्हणून मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायची जुनी पद्धत आहे. ती पुस्तकं बांधणाऱ्यांसाठी ठीक. मोरचूद विषारी आहे आणि पहिलीची मुलं बोटं चाटतात.