चित्र यंत्रानं काढलं, मग तुम्ही काय केलंत?

माझ्याकडे एक प्लॉटर आहे. कागदावर पेन फिरवणारं छोटं यंत्र, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला कायमचं मांडलेलं. मी प्रोग्रॅम लिहिते, यंत्र त्याप्रमाणे रेघा ओढतं, आणि त्यातली काही चित्रं मी प्रदर्शनात लावते. लोक जवळ येऊन बघतात, छान आहे म्हणतात. चित्र कसं झालं ते कळलं की त्यांचा चेहरा बदलतो. "अच्छा, म्हणजे कॉम्प्युटरनं काढलंय." आणि मग जरा थांबून, "मग तुम्ही नेमकं काय केलंत?" मोबाइलवर दोन वाक्यं लिहून चित्र मिळायला लागल्यापासून तर हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही येतो. घाईत दिलेलं उत्तर मला कधीच पुरेसं वाटलेलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते.

हा प्रश्न साठ वर्षांचा आहे. फेब्रुवारी १९६५ मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यापीठात माक्स बेन्झे या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी गेऑर्ग नेस यांची रेखाचित्रं मांडली होती. नेस सीमेन्समध्ये नोकरी करणारे, गणिताचे माणूस. चित्रं त्यांनी प्रोग्रॅम लिहून प्लॉटरवर काढून घेतलेली. बघायला चित्रकारही आले होते. त्यातल्या एकानं विचारलं, माझ्या हाताची जी खास वळणं आहेत, ती तुमचं यंत्र काढू शकेल का? नेस म्हणाले, हो, ती वळणं कशी असतात ते तुम्ही मला सांगू शकलात तर. चित्रकार भडकले, उठून निघाले. ही तर कृत्रिम कला आहे, असं म्हणत बेन्झे त्यांना शांत करू लागले.

मला विचाराल तर माझं अख्खं उत्तर नेस यांच्या त्या चार शब्दांत आहे: तुम्ही सांगू शकलात तर. कितीतरी गोष्टी आपल्या हाताला येतात आणि तोंडानं सांगता येत नाहीत. लाटताना पोळी आपोआप गोल कशी फिरते, ते शब्दांत सांगून बघा. प्रोग्रॅम लिहायचा तर ते सांगावंच लागतं, आकड्यांसकट. आणि सांगण्यासाठी ती गोष्ट इतकं निरखून बघावी लागते, जितकं आपण एरवी कधीच बघत नाही.

नेस यांचं एक चित्र आहे, १९६८ च्या सुमाराचं. नाव 'शॉटर', म्हणजे खडी. एका ओळीत १२ चौकोन, अशा २२ ओळी. वरच्या ओळी फरशी बसवल्यासारख्या चोख. खाली येता येता चौकोन कलू लागतात, जागा सोडतात, एकमेकांवर चढतात, आणि तळाशी ट्रकमधून ओतलेली खडी. नियम एवढाच की प्रत्येक चौकोनानं किती कलायचं आणि सरकायचं ते रँडम आकडा ठरवणार, पण ओळ जितकी खाली तितकी त्याला मुभा जास्त. प्लॉटर घेतल्यावर मी सगळ्यात आधी हेच काढून पाहिलं. नियम दहा-बारा ओळींत लिहून झाला. पण मुभा किती द्यायची? जरा जास्त दिली की चौथ्या ओळीतच सगळं विस्कटतं आणि पुढे बघण्यासारखं काही उरत नाही. कमी दिली तर तळ येईपर्यंत काही घडतच नाही. तो एक आकडा जमायला माझा अख्खा रविवार गेला आणि कागदांचा ढीग झाला. २६४ चौकोन यंत्रानं न कुरकुरता काढले, दर वेळी. कोणता कागद ठेवायचा आणि कोणता फाडायचा, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

अमेरिकेत बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतले मायकेल नोल यांनी असंच एक चित्र कॉपीराइटच्या नोंदणीसाठी पाठवलं, तर ते परत आलं. यंत्रानं काढलेल्याची नोंद होत नाही म्हणून. नोल यांनी कळवलं, प्रोग्रॅम माणसानं लिहिलाय. पण यात रँडम आकडे आहेत, ही पुढची हरकत. त्यांनी पुन्हा समजावलं की ते आकडे बेभरवशाचे दिसत असले तरी तेही एका नियमानंच तयार होतात. मग नोंद झाली. याच नोल यांनी मोंड्रियान या डच चित्रकाराचं रेघांचं एक चित्र आणि त्या धर्तीवर संगणकाकडून काढून घेतलेलं चित्र शंभर जणांना शेजारी शेजारी दाखवलं होतं. ५९ जणांना संगणकाचं जास्त आवडलं, आणि त्यातलं संगणकाचं कोणतं हे फक्त २८ जणांना ओळखता आलं.

पण माझा जीव आहे तो व्हेरा मोल्नार या चित्रकर्तीवर. जन्म १९२४, बुडापेस्ट. विशीत पॅरिसला आल्या त्या तिथल्याच झाल्या. १९५९ पासून त्या संगणकाशिवायच संगणकासारखं काम करत होत्या: आधी नियम ठरवायचा, मग त्यातून निघणारी एकेक शक्यता हातानं काढत जायची. या पद्धतीला त्यांनी नाव दिलं होतं 'काल्पनिक यंत्र'. खरं यंत्र हाताशी आलं १९६८ मध्ये, एका संशोधन केंद्रातलं. भोकं पाडून सूचना नोंदवलेली पंच कार्डं द्यायची आणि पुष्कळ वेळानं कागद बाहेर आला की काय झालंय ते कळायचं. एक टक्का अव्यवस्था, हे त्यांचं आवडतं प्रमाण. शिस्तीत रचलेल्या चौकोनांमध्ये एवढंसं बिनसवायचं आणि डोळा कुठे अडखळतो ते बघायचं.

त्यांची आई दर आठवड्याला पत्र लिहायची. अक्षर सुंदर. ओळ डावीकडे सुरू व्हायची ती ताठ, नीटस. उजवीकडे जाता जाता अक्षर अस्वस्थ व्हायचं, थरथरायचं. वर्षं गेली तसा डावीकडचा ताठपणाही ओसरत गेला. मोल्नार यांनी हा बदल प्रोग्रॅममध्ये घातला. १९८० च्या दशकात त्यांनी 'आईची पत्रं' ही मालिका केली. तिच्यात वाचता येण्यासारखा एकही शब्द नाही. नुसत्या वरखाली जाणाऱ्या रेघा आहेत, डावीकडे सावरलेल्या आणि उजवीकडे सुटत गेलेल्या. तरी ते कुणाचं तरी अक्षर आहे हे बघताक्षणी कळतं. त्या डिसेंबर २०२३ मध्ये, शंभरीला महिना राहिला असताना गेल्या. त्या दिवशी मी ती पानं पुन्हा काढून बसले होते.

आपल्याकडेही याच काळात नियमातून चित्र काढण्याचा ध्यास घेतलेली माणसं होती. मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९-७० मध्ये 'सिझिजी' नावाचा मूक लघुपट केला. त्यात फक्त बिंदू, रेघा आणि त्यांना बांधणारे नियम. त्याचं ॲनिमेशन राम मोहन यांनी केलं होतं. आणि मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधले गिफ्ट आणि राणी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ मध्ये कोलमचं, म्हणजे तमिळनाडूतल्या रांगोळीचं, चक्क व्याकरण मांडलं. दारात बसून बायका जे बोटांनी करतात, त्याचे नियम संगणकशास्त्राच्या भाषेत. '१५ ते ८ मधोमध' एवढं वाचून अंगणात ठिपके मांडणाऱ्या आपल्या बायकांना प्रोग्रॅम म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागू नये, असं मला नेहमी वाटतं.

हॅरॉल्ड कोहेन यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आजच्या चर्चेत त्यांचं नाव फार कमी येतं. हे ब्रिटिश चित्रकार, १९६६ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात मानानं गेलेले. दोन वर्षांनी कॅलिफोर्नियात शिकवायला गेले आणि तिथे प्रोग्रॅमिंगकडे वळले. त्यांनी घडवलेल्या 'आरन' या प्रोग्रॅमवर ते २०१६ मध्ये जाईपर्यंत काम करत राहिले. आरनला त्यांनी दुसऱ्या कुणाची चित्रं दाखवून शिकवलं नाही. बंद आकार म्हणजे काय, आत काय आणि बाहेर काय, पुढे झाडाला फांदी कुठून फुटते, माणसाचा हात कुठे वळतो, हे सगळं एकेक करून नियमांत सांगितलं. चाळीसहून अधिक वर्षं.

नंतरचं बरंचसं तुम्हाला माहीत असेल. २००१ मध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी 'प्रोसेसिंग' हे चित्रांसाठी प्रोग्रॅम लिहायचं साधन सुरू केलं आणि प्रोग्रॅम लिहून चित्र काढणं कुठल्याही विद्यार्थ्याच्या आवाक्यात आलं. मीही त्यावरच शिकले. २०१८ मध्ये एआयनं केलेलं एक व्यक्तिचित्र क्रिस्टीजच्या लिलावात ४,३२,५०० डॉलर्सना गेलं. मला त्या चित्रात फार काही दिसलं नाही. २०२१ च्या आसपास प्रोग्रॅमनं काढलेली चित्रं लाखोंना विकली जाऊ लागली. त्या गदारोळात भाव सगळ्यांनी पाहिले, चित्रं फार थोड्यांनी.

२०२२ पासून मात्र गोष्ट खरोखर बदलली. आता 'पावसातला जुना वाडा' एवढं लिहिलं तरी चित्र येतं. त्या चित्रकाराला नेस यांनी घातलेली अटच उरली नाही. तुमच्या हाताची वळणं तुम्ही सांगायची गरज नाही. यंत्रानं अब्जावधी चित्रं बघून ती उचललेली असतात, आणि ज्यांची उचलली त्यातल्या बहुतेकांना कुणी विचारलेलं नाही. हे मला खुपतं. ही साधनं वापरून मन लावून काम करणारे लोक मी पाहिलेत, त्यांची मेहनत खोटी म्हणणार नाही. पण माझं काम ते नव्हे.

माझं काम सध्या काय चाललंय ते सांगते. आईच्या रांगोळीची रेघ. चिमटीतून रांगोळी सुटते तेव्हा रेघ सुरुवातीला भरदार असते, चिमूट संपत आली की विरळ होते. नवी चिमूट घेतली की जरा मागून सुरू होते, म्हणून तिथे एक गाठ दिसते. पेनाला जाड-बारीक होता येत नाही, तेव्हा मी रेघेऐवजी कणाकणाचे ठिपके काढते आणि ते किती दाट पडावेत त्याचे आकडे बसवते. चिमूट किती लांब पुरते, हे मी आईच्या शेजारी पाटावर बसून पट्टीनं मोजलंय. आता तिचा हात थोडा हलतो, तेही त्यात घातलंय.

गेल्या आठवड्यात तयार कागद तिला दाखवला. चष्मा लावून तिनं बोट एका वळणावर ठेवलं. "इथे मी नवी चिमूट घेतली नसती गं. वळण पुरं करूनच हात उचलायचा." ते माझ्या नियमात नव्हतंच. मी तो नियम लिहिला, झिजलेलं पेन बदललं आणि नवा कागद चिकटवला.