बोरगुंडच्या चर्चपाशी पालथे पडलेले काका

मी टूर मॅनेजर आहे, उन्हाळ्यात स्कँडिनेव्हियाचे ग्रुप घेऊन फिरतो. फ्लॉमहून ऑस्लोकडे येताना तो २४.५ किमीचा लार्दालचा बोगदा संपला की पुढे बोरगुंडचं लाकडी चर्च लागतं, तिथे आमचा पाऊण तासाचा हॉल्ट. माझं भाषण पाठच झालेलं, ११८० च्या सुमारास तोडलेलं पाइनचं लाकूड, छपरावर छप्पर, वरच्या टोकांना ड्रॅगनची तोंडं नि खालच्यांना क्रॉस, अशी चर्चेस अख्ख्या नॉर्वेत आता २८च उरलीत, फोटो काढा, टॉयलेट तिकडे, चला बसा.

त्या दिवशी बसमध्ये मोजलं तर एक माणूस कमी. सावंतवाडीकडचे काका, आयुष्यभर सुतारकाम केलेले, मुलाने हट्टाने टूरला पाठवलेले. ड्रायव्हर घड्याळ दाखवायला लागला (त्यांचे ड्रायव्हिंगचे तास फार कडक असतात) म्हणून मी पळत मागे गेलो, तर काका चर्चच्या मागच्या कोपऱ्यात चक्क गवतात पालथे पडून मोबाइलचा टॉर्च खाली मारतायत. मला वाटलं चक्कर आली. तिथली गाइड मुलगीही घाबरून धावत आलेली.

काका उठायलाच तयार नाहीत, उलट मलाच हाक, "हय ये, हय बघ! खांब जमनीत पुरलेलो नाय, दगडार बसयलोहा!"

मी वाकून बघितलं. इतक्या वेळा आलो असेन पण खाली कधी बघितलंच नव्हतं, सगळं भाषण वरच्या ड्रॅगनचं. दगडांवर जाड आडव्या तुळया नि खांब, फळ्या सगळा भार त्यांच्यावर, मातीला लाकूड लागतच नाही. मुलीला इंग्लिशमध्ये सांगितलं तर ती एकदम खूश, म्हणाली हेच तर मुख्य आहे, याच्या आधीच्या चर्चेसचे खांब जमिनीत गाडायचे नि ते खालून कुजून जायचे. काका म्हणाले, मग आमच्या वाड्यात तळखडा (खांबाखालचा दगड) असता तो कित्याक? पाय सुको रवलो म्हणान हो उभो आसा.

पुढची दहा मिनिटं मी नुसता दुभाषी. मध्येमध्ये तेही नको, ती बोटांत बोटं अडकवून सांधा दाखवायची, काका मान हलवून स्वतःच्या बोटांनी दुसरा दाखवायचे. वाळवीचं विचारलं तर ती हसली, इथे वाळवी नाही, भीती ओल आणि आगीची. बर्गनजवळचं फान्टोफ्टचं चर्च १९९२ मध्ये मुद्दाम लावलेल्या आगीत गेलं ते मला माहीत होतं, मी मुद्दामच काकांना नाही सांगितलं. बाहेरून फासलेलं ते काळं म्हणजे पाइनचं डांबर, अजूनही मधूनमधून लावतात. काकांनी भिंतीवर हात ठेवला, हुंगला, म्हणाले आम्ही काजूच्या टरफलाचं तेल लावतो, ह्याचा वास बरा आहे.

बसमध्ये चढलो तेव्हा पंचवीस मिनिटं लेट, ड्रायव्हरचा चेहरा बघवत नव्हता, मागून कुणीतरी "एका माणसासाठी सगळ्यांनी थांबायचं का" असं ऐकवलंच. काका तळहात उघडा धरून बसलेले, उन्हाने मऊ झालेलं डांबर लागून काळा झालेला. मी वेट वाइप दिला तर घेतला नाही. काकू मात्र खिडकीकडे सरकत ओरडल्या, "माझ्या पांढऱ्या स्वेटराक हात लावू नकात हां!"