आमची वाटचाल: दाटपणा मोजता मोजता

आमच्या फर्मची सुरुवात दुरुस्तीच्या टेबलावर झाली. द्रवात स्पिंडल, म्हणजे एक दांडी, फिरवून त्याचा दाटपणा (व्हिस्कॉसिटी) मोजणारे व्हिस्कोमीटर यायचे, कुणाचा स्पिंडल वाकलेला, कुणाचं पिव्हट झिजलेलं. दुरुस्त करायचं, ठरावीक व्हिस्कॉसिटीच्या प्रमाणित तेलात तपासायचं, परत पाठवायचं. त्यातली काही मशिनं मात्र 'रीडिंग चुकतंय' अशी चिठ्ठी घेऊन पुन्हा दारात. तेलात बघावं, तर रीडिंग अगदी बरोबर!

खरा धडा मिळाला तो रंगाच्या एका बॅचवरून. विकणाऱ्याचा आकडा एक, घेणाऱ्याचा त्याच्या जवळपास निम्मा. दोघेही आमचे ग्राहक, दोन्ही मशिनं आम्हीच तपासलेली, त्यामुळे शिव्या दोन्हीकडून. जाऊन पाहिलं तर स्पिंडल तोच, पण एकाकडे 10 आरपीएमला (मिनिटाला 10 फेरे) फिरतोय आणि दुसऱ्याकडे 50 ला. रंग जितका जोरात ढवळावा तितका सैल होतो. डब्यात दाट आणि ब्रशखाली पातळ, तसा तो मुद्दाम बनवलेलाच असतो. खोटा आकडा कुणाचाच नव्हता.

तेव्हापासून आमच्या रिपोर्टवर नुसते सेंटिपॉइज (दाटपणाचं एकक) लिहिणं बंद झालं. स्पिंडल नंबर, आरपीएम, तापमान आणि किती वेळ फिरवून वाचलं, हे सगळं सोबत असतं. तापमानावरून कुणी कुरकुरलं की मी ग्लिसरीनचं उदाहरण देतो. 20 अंशांना साधारण 1400 सेंटिपॉइज, 30 अंशांना 600 च्या आसपास. दहा अंशांत निम्म्याहून खाली!

पुढे आम्ही थेट पाइपलाइनवर बसणाऱ्या सेन्सरकडे वळलो. त्यात एक दांडी कंप पावत असते. द्रव जितका दाट, तितका कंपनाला अडथळा जास्त, आणि त्यावरून आकडा मिळतो. नमुना काढा, प्रयोगशाळेत न्या, तोवर निम्मी बॅच पुढे गेलेली, ही कटकट संपते. पहिलंच काम गोंदाच्या प्लांटचं होतं. बसवायला सोपं म्हणून आम्ही सेन्सर बाजूच्या आखूड फाट्यात लावला. तीन दिवस रीडिंग कसं सरळ रेषेत! ग्राहक खूश, आम्ही त्याहून. चौथ्या दिवशी ऑपरेटर म्हणाला, "साहेब, पंप धापा टाकतोय, आणि तुमचा आकडा ढिम्म कसा?"

फाटा उघडला. आत पहिल्या दिवशीचाच गोंद अडकून बसलेला, आणि सेन्सर इमानेइतबारे त्यालाच मोजत होता.

पदरच्या खर्चाने तो मुख्य प्रवाहात हलवला. आता ऑर्डर घेण्याआधी पाइपलाइनचा नकाशा मागतो. काहींना ते जाचक वाटतं, ते दुसरीकडे जातात.